दुर्बिणीतून पित्ताशय काढताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पित्ताशयातले खडे आणि त्यासाठी होणारं दुर्बिणीचं ऑपरेशन यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. रिपोर्ट आणि पेशंट समोर असल्याशिवाय ज्यांचं उत्तर देता येत नाही असे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

तपासणी शिबिरात सोनोग्राफी केली, त्यात पित्ताशयात १४ मिलिमीटरचा खडा निघाला. मला कधीच दुखलेलं नाही. "आता दुर्बिणीने होतं, एका दिवसात घरी, काढून टाका," असं सांगितलं जातंय. काय करू? (कराड)

दुखत नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. त्रास न देणारे खडे असलेल्या १०० माणसांपैकी वर्षाला एखाद-दोघांना त्रास सुरू होतो. बाकीचे खडे घेऊनच आयुष्य काढतात. "सोपं झालंय" हे ऑपरेशन करण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण सोप्या ऑपरेशनचेही धोके असतात आणि ते पुढे सांगितले आहेत.

अपवाद मोजके आहेत. खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं, सोबत १ सेंटिमीटरपेक्षा मोठा कोंब (पॉलिप), किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असेल, तर त्रास नसतानाही सर्जनशी बोला.

खड्याचं दुखणं ओळखता येतं. छातीच्या हाडाखाली खोबणीत किंवा उजव्या बरगडीखाली एकदम कळ उठते, अर्धा तास ते काही तास टिकते, पाठीत किंवा उजव्या खांदाफळीकडे जाते. जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री येते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. नुसते ढेकर, गॅस, छातीत जळजळ ही खड्याची लक्षणं नव्हेत. या तक्रारींसाठी पित्ताशय काढलं तर पित्ताशय जातं आणि ढेकर राहतात.

मूतखडा फोडतात किंवा औषधाने पाडतात, तसा हा का पाडत नाहीत?

मूतखडा पडून लघवीवाटे बाहेर जातो. पित्ताशयातला खडा "पडला" तर जातो मुख्य पित्तनलिकेत (यकृतातलं पित्त आतड्याकडे नेणारी नळी), आणि तिथे अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज आणतो. त्यामुळे तो पाडण्यात फायदा नाही, उलट धोका आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडची गोळी फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या, कॅल्शियम नसलेल्या खड्यांवर चालते, तेही पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांत खडे परत होतात. तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून पडणारे हिरवे गोळे हे त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. सोनोग्राफी पुन्हा केली की खडा आपल्या जागेवर दिसतो.

चार भोकांतून आत नेमकं करतात काय? आईचं ऑपरेशन ठरलंय, आणि तिला "बिनटाक्याचं" एवढंच सांगितलंय. (नाशिक)

टाके बाहेर दिसत नाहीत, आतलं काम मात्र पूर्वी पोट उघडून होत असे तेवढंच आहे. जर्मनीत एरिच म्यूहे यांनी १९८५ साली पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते सुरू केलं. पद्धत आज सगळीकडे जवळपास तीच आहे.

पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळ १० मिलिमीटरची चीर घेतात. इथून पोटात शिरणं हा सगळ्या ऑपरेशनमधला आंधळा क्षण, कारण कॅमेरा अजून आत गेलेला नसतो. महाधमनी बेंबीच्या पातळीलाच दोन फाट्यांत विभागते आणि सडपातळ माणसात ती त्वचेपासून थोड्याच सेंटिमीटरवर असते. आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आतडं जुन्या व्रणाला आतून चिकटलेलं असू शकतं. म्हणून आईचं सिझेरियन, गर्भाशय काढणं, अपेंडिक्स, काहीही झालेलं असेल तर ते सर्जनला आधी सांगा, व्रण दाखवा. अशा वेळी सुई न खुपसता एकेक थर डोळ्यांनी पाहत उघडतात, किंवा पहिला शिरकाव व्रणापासून लांब, डाव्या बरगडीखालून करतात.

मग कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका. हाच वायू का? तो जळत नाही, त्यामुळे आत कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण) चालवता येते, आणि रक्तात लवकर विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. पोट फुगताना कधी कधी नाडी एकदम मंदावते. वायू सोडला की बहुतेकदा ती सुधारते. हृदय किंवा फुप्फुस अशक्त असेल तर दाब ८ ते १० वर ठेवून काम करतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ यंत्र या ऑपरेशनला असलंच पाहिजे. आहे का, हे भूलतज्ज्ञाला विचारायला संकोच करू नका.

कॅमेरा आत गेला की बाकीची तीन भोकं पडद्यावर पाहत पाडली जातात: एक छातीच्या हाडाखाली, दोन उजवीकडे ५-५ मिलिमीटरची. टेबल डोक्याकडून वर आणि डावीकडे कलतं, त्यामुळे आतडी खाली सरकतात. सहायक पित्ताशयाचं टोक यकृतावरून उजव्या खांद्याकडे ढकलून धरतो, सर्जन त्याची मान बाहेरच्या बाजूला, किंचित खाली ओढतो. पित्ताशयाची नळी आणि तिची धमनी सुटी झाली की क्लिपा लावतात (शरीरात राहणाऱ्या बाजूला साधारण दोन, पित्ताशयाकडे एक) आणि मधे कापतात. पित्ताशय यकृतापासून सोडवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढतात. शेवटी १० मिलिमीटरच्या चिरेखालचा पोटाचा घट्ट पडदा टाक्याने शिवायचा असतो. तो राहिला तर काही महिन्यांनी बेंबीपाशी हर्निया येतो. साध्या केसला पाऊण ते दीड तास लागतो.

माझ्या मावशीचं हेच ऑपरेशन झालं आणि "मुख्य नळी कापली गेली" असं नंतर कळलं. तीन वेळा दवाखाना बदलला. अनुभवी डॉक्टरकडून असं होतं तरी कसं? (नाव, गाव छापू नये)

तुमच्या मावशीसारखं ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांचं पुढचं आयुष्य बदलतं. म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा साधारण हजारात एक-दोन वेळा होत असे. दुर्बिणीने हा आकडा हजारात तीन ते पाचच्या आसपास आहे. म्हणजे क्वचित, पण ऑपरेशनंच इतकी होतात, की माणसांची संख्या लहान राहत नाही.

बहुतेक वेळा हात चुकत नाही, ओळख चुकते. पित्ताशयाची नळी बारीक आणि आखूड असते; ती मुख्य पित्तनलिकेला मिळते. सूज आलेली असली की पित्ताशयाची मान मुख्य नलिकेला चिकटून बसते आणि आखूड नळी त्या सुजेत दडते. त्यातच पित्ताशय सरळ वर ओढलं गेलं तर मुख्य नलिका ताणून वर येते आणि पित्ताशयाच्या रेषेत सरळ दिसू लागते. पडद्यावर खोली कळत नाही. डोळ्याला खात्री पटते की हीच पित्ताशयाची नळी. ती क्लिप लावून कापली जाते, सर्जन वर जातो, तिथे "आणखी एक नळी" दिसते, तीही कापली जाते. ती असते यकृतातून येणारी नलिका. शेजारची यकृताची उजवी धमनीही याच वेळी सापडू शकते. मनाला एकदा खात्री पटली की अनुभव असूनही शंका येत नाही, हे या चुकीचं खरं स्वरूप आहे.

यावर उपाय १९९५ मध्ये अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी नेमक्या शब्दांत मांडला. काहीही कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: पित्ताशय, यकृत आणि नलिका यांमधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून पूर्ण मोकळा, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच, फक्त दोनच रचना. तिन्ही दिसत नसतील तर क्लिप लावायची नाही. या दृश्याचा समोरून आणि मागून असे दोन फोटो काढून कागदपत्रांत ठेवता येतात. पेशंटने ते मागावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

दृश्य मिळतच नसेल तर मागे फिरण्याच्या वाटा आहेत. पित्ताशय अर्धवट काढून, खडे बाहेर घेऊन, तळाचा भाग तसाच ठेवता येतो. फक्त नळी घालून पू आणि पित्त बाहेर काढून सहा आठवड्यांनी परत येता येतं. पोट उघडता येतं. अनुभवी सहकाऱ्याला बोलावता येतं.

आणि इजा झालीच तर? किरकोळ गळती, म्हणजे कापलेल्या नळीच्या टोकातून किंवा यकृताच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म नळीतून होणारी, तोंडावाटे दुर्बीण घालून (ईआरसीपी) पित्तनलिकेत प्लॅस्टिकचा स्टेंट (छोटी पोकळ नळी) बसवला की बहुधा थांबते. तो स्टेंट चार ते सहा आठवड्यांनी काढायचा असतो. बरं वाटतंय म्हणून लोक परत येत नाहीत, स्टेंट तुंबतो आणि थंडी वाजून ताप, कावीळ सुरू होते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुख्य नलिका कापली गेली असेल तर लहान आतड्याचा तुकडा वर आणून यकृताच्या नलिकेला जोडावा लागतो. ही जोडणी पहिल्याच प्रयत्नात, यकृत-पित्तमार्गाचं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडून झाली तर निकाल सर्वांत चांगला येतो. ज्याच्या हातून इजा झाली त्यानेच घाईने जोडण्याचा प्रयत्न करणं, हे नुकसान दुप्पट होण्याचं नेहमीचं कारण आहे. त्या सर्जनने ड्रेनची नळी ठेवावी, अँटिबायोटिक सुरू करावं, नातेवाइकांना खरं सांगावं आणि पेशंटला मोठ्या केंद्रात पाठवावं. जंतुसंसर्ग असेल तर जोडणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी होते. मावशींना पुढची अनेक वर्षं यकृताची रक्ततपासणी लागेल, कारण जोड हळूहळू अरुंद होऊ शकतो. खाज सुटणं, लघवी गडद होणं, हुडहुडी भरून ताप येणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नये.

दुर्बिणीने करतो म्हणून सांगितलं आणि शेवटी पोट उघडलं. खर्च वाढला, १५ सेंटिमीटरची जखम झाली. ही डॉक्टरची चूक धरायची का?

नाही. आत चिकटलेलं, रक्तस्राव होणारं किंवा ओळख न पटणारं काही दिसल्यावर पोट उघडणारा सर्जन तुमच्या पित्तनलिकेची काळजी घेत असतो. वरचं उत्तर वाचलंत तर कळेल की हट्टाने दुर्बिणीनेच पुरं करण्याची किंमत काय असते. चूक असेल तर ती एवढीच, की ही शक्यता तुम्हाला आधी सांगून संमतिपत्रात लिहिली नव्हती. ती सही करण्यापूर्वीच सांगितली गेली पाहिजे, खर्चासकट.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर काय नॉर्मल आणि कशाने धावत जायचं?

उजवा खांदा दुखणं नॉर्मल. आत उरलेला वायू श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) चिडवतो, आणि श्वासपटलाची नस मानेतल्या त्याच मुळांतून निघते जिथून खांद्याची संवेदना येते. दोन-तीन दिवसांत जातं. चालत राहा, साधी वेदनाशामक गोळी घ्या. भोकांभोवती निळसरपणा, बेंबीपाशी ठणका, पहिला दिवस मळमळ, हेही नॉर्मल.

एक नियम घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा: या ऑपरेशननंतरचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी चालणारा, खाणारा माणूस तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळला, पोट फुगलं, दुखणं वाढलं, नाडी शंभराच्या वर राहिली, ताप आला, डोळे पिवळे झाले, किंवा पाणीही पोटात टिकेना, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. पोटात पित्त साचणं सुरुवातीला फार मऊपणे वागतं. पोट दगडासारखं कडक होईलच असं नाही. कॉटरीने आतड्याला लागलेली भाजही त्या दिवशी कळत नाही. मेलेला पापुद्रा काही दिवसांनी सुटतो आणि आतड्याला भोक पडतं. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन त्याच दिवशी झाले पाहिजेत.

काही आठवड्यांनी पूर्वीसारखीच कळ आली, लघवी पिवळीजर्द झाली, तर मुख्य नलिकेत खडा राहिला आहे का, हे एमआरसीपीने (पित्तमार्गाच्या एमआरआयने) पाहतात. असला तर ईआरसीपीने काढतात, पुन्हा पोटाचं ऑपरेशन बहुधा लागत नाही.

जखमा भरून महिना झाला, आणि आता बेंबीच्या भोकापाशी गाठ येऊन पाण्यासारखा पू येतोय. तीन प्रकारची अँटिबायोटिक्स झाली. (लातूर)

हे वर्णन ऐकलं की पहिला संशय वेगळ्या जातीच्या जंतूंवर जातो. साधा पू पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत येतो आणि साध्या औषधाने जातो. भरलेली जखम तीन-सहा आठवड्यांनी कडक होऊन फुटते, ताप नसतो, पातळ स्राव येत राहतो, एक बरी झाली की शेजारी दुसरी गाठ उठते, तेव्हा क्षयाच्या जंतूच्या कुळातले पण क्षय न करणारे जंतू, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, किलोनी, अॅब्सेसस, शोधावे लागतात. ते पाण्यात आणि मातीत राहतात.

ते जखमेत येतात बहुतेकदा उपकरणांतून. दुर्बिणीच्या उपकरणांना लांब पोकळ नळ्या, सांधे, प्लॅस्टिकचं आवरण असतं. आत रक्त आणि मांसाचे कण अडकतात. दोन केसच्या मधे ती ग्लुटारल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात २० मिनिटं बुडवून पुढच्या पेशंटला वापरली, तर बरेच जंतू मरतात, सगळे नाही. पूर्ण निर्जंतुक व्हायला त्याच द्रावणात ८ ते १० तास लागतात. वर ती नळाच्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्याने विसळली, तर जंतू तिथूनच पुन्हा चढतात. द्रावण जुनं झालं की उपयोग आणखी कमी. खरा उपाय उपकरण पूर्ण सुटं करून, ब्रशने घासून, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर (१२१ अंशाला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला ३-४ मिनिटं) टाकणं हा आहे. ज्याला उष्णता चालत नाही ते इटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने किंवा प्लाझ्मा यंत्रात. दिवसाला पाच केस आणि उपकरणांचा एकच संच असेल, तर हे गणित बसत नाही, हे कुणालाही कळेल.

तुम्ही आता एवढं करा. नुसता वरचा पू कापसाच्या काडीवर न देता गाठीतला स्राव किंवा मांसाचा तुकडा तपासायला द्या आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), औषध-संवेदनशीलतेसह (कोणतं औषध चालेल ते पाहून), असं स्पष्ट लिहून घ्या. क्षयाच्या नेहमीच्या चार गोळ्या आंधळेपणाने सुरू करू नका. या जंतूंवर त्या बहुधा चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर दुसरं औषध (अॅमिकॅसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन गटातलं) कल्चर पाहून, आणि काही महिने घ्यावं लागतं. गाठ मोठी असेल तर ती पूर्ण कापून काढतात. आणि ऑपरेशन जिथे झालं तिथे लेखी कळवा: त्या आठवड्यातल्या इतर पेशंटनाही हेच झालं असण्याची शक्यता असते.

मुलगी १३ वर्षांची, सिकलसेल (एसएस). पित्ताशयात खडे, दोनदा कळ आली. ऑपरेशन झेपेल का? (गडचिरोली जिल्हा)

झेपेल, आणि कळा येत असतील तर शांत काळात ठरवून करणंच हिताचं. पुढे पित्ताशयाला सूज आली की ती आणि सिकलसेलची पोटदुखी वेगळी ओळखणं अवघड जातं. तिचे खडे तुटलेल्या लाल पेशींच्या रंगद्रव्याचे आहेत, त्यामुळे विरघळवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नाही.

ऑपरेशनपूर्वी रक्त देऊन हिमोग्लोबिन साधारण १० वर आणतात. त्याहून फार वर नेत नाहीत, कारण रक्त घट्ट होतं. उपाशी ठेवण्याच्या तासांत सलाईन सुरू हवी. ऑपरेशनची खोली गार नको, अंगावर ऊब हवी. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्त आम्लधर्मी करतो आणि आम्लामुळे पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणून दाब कमी ठेवतात आणि भूलतज्ज्ञ श्वासाचा वेग वाढवतो. नंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यांत जपायचे. छातीत दुखणं, ताप, ऑक्सिजन उतरणं दिसलं तर तातडीने उपचार लागतात. दुखणं दाबून ठेवलं तर मूल खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुसाचा तळ मिटतो, म्हणून वेदनाशामक पुरेसं द्या आणि तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं जागेपणी तासातासाला फुंकायला नव्हे, ओढायला सांगा. रक्तपेढी आणि बालरोगतज्ज्ञ एकाच छताखाली असतील अशा रुग्णालयातच करा.

मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. कधी थांबवू?

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या किमान तीन दिवस आधी बंद करायच्या असतात. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल असतानाही रक्तात कीटोन वाढून पेशंट अत्यवस्थ होऊ शकतो. एकाच गोळीत दोन औषधं असतात, म्हणून पाकीटच भूलतज्ज्ञाला दाखवा. मेटफॉर्मिन त्या सकाळी घेत नाहीत. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. घन अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत.

काढल्यानंतर तूप-तेल कायमचं बंद? आणि आतल्या क्लिपा?

बंद नाही. पित्त यकृत बनवतं. पित्ताशय फक्त साठवत होतं. आता ते थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. पहिले दोन-तीन आठवडे तळलेलं कमी ठेवा, मग हळूहळू पूर्ववत. काहींना पातळ शौच होत राहते, त्यावर औषध आहे. घागर, सिलिंडर, पोती महिनाभर उचलू नका. क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात, एमआरआय चालतो, आणि त्या तिथेच राहतात.

काढलेलं पित्ताशय खड्यांसह बाटलीत घालून घरी देतात आणि लोक ते शेजाऱ्यांना दाखवतात. खडे ठेवा, पित्ताशय मात्र बायोप्सीला गेलंच पाहिजे. सोनोग्राफीत न दिसलेला कॅन्सर काही थोड्या पेशंटमध्ये तिथेच सापडतो आणि मग पुढचे उपचार वेळेत करता येतात. ऑपरेशनच्या वेळी पित्ताशय फाटून खडे पोटात सांडले का, हेही ऑपरेशनच्या नोंदीत लिहून घ्या. सांडलेला एखादा खडा काही महिन्यांनी गळू बनवतो, आणि तेव्हा ती एक ओळ नवीन डॉक्टरला फार उपयोगी पडते.